मूळचे कुठले?

मराठी माणूस नव्या माणसाला भेटला की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारून घेतो. आडनाव काय, मूळचे कुठले आणि जागा स्वतःची की भाड्याची. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला निश्चित उत्तर असतं. दुसऱ्याला तळ नाही. "पुण्याचा," असं आपण म्हणावं, तर समोरचे गृहस्थ तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण मूळचे?" मग आपण आजोबांचं गाव सांगायचं. त्यावर, "तिथलेच का? की तिथंही आणखी कुठून आलात?" असं खोदकाम पुढे चालू. माझ्या एका मावसकाकांची अशा चौकशीत इतकी दमछाक झाली, की शेवटी त्यांनी "मूळचा मी माकड" असं सांगून टाकलं. तर समोरच्याने "कुठल्या बाजूचं?" म्हणून विचारलं.

हा प्रश्न माशांनाही विचारता येतो, आणि त्याच्या उत्तरावर कुणाच्या तरी जिवाचं बरंवाईट ठरतं, हे ज्ञान मला गोंदियाला झालं.

बँकेने माझी गोंदियाला बदली केली तेव्हा जिल्हा नवाकोरा होता. पुण्यातल्या आप्तेष्टांनी माझं सांत्वन केलं. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून जाते आणि गोंदियाला जाऊन संपते, एवढीच त्या गावाबद्दल त्यांची माहिती. गाडी संपते तिथं महाराष्ट्रही संपत असणार आणि बहुतेक जगही, असा त्यांचा हिशेब होता. मी पोचलो तर तिथं जग व्यवस्थित चालू होतं. लोक प्रत्येक वाक्याला 'जी' लावून बोलत होते आणि पहिल्याच दिवशी चहावाल्याने विचारलं, "साहेब, मूळचे कुठचे जी?"

खरं म्हणजे हा प्रश्न गोंदियालाच विचारायला हवा. हा मुलूख आधी मध्य प्रांतात होता, मग मध्य प्रदेशात. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा निघून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. नवेगावच्या तळ्यातलं एखादं दीर्घायुषी कासव या सगळ्या काळात चिखलात पाय रोवून बसलं असेल, तर जागचं न हलता ते चार राज्यांचं आणि दोन जिल्ह्यांचं रहिवासी झालं. त्याला मूळचं कुठलं म्हणायचं?

बरं, तळं तरी मूळचं कुठं आहे? भंडारा-गोंदिया हा तळ्यांचा मुलूख, पण ही तळी देवाने दिलेली नाहीत. कोहळी लोकांनी धानाच्या शेतीसाठी ती बांधली. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, सांडवा ठेवायचा, की झालं तळं. नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पुढे ही तळी मालगुजारांकडे गेली, १९५१ साली मालगुजारी गेली आणि तळी सरकारकडे आली. सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. सरकारला एवढं मोठं नाव उच्चारायला वेळ नसल्याने त्याचं झालं 'मामा तलाव'. एखाद्या जिल्ह्याला इतके मामा असण्याचा दुसरा दाखला माझ्या माहितीत नाही.

अशाच एका मामा तलावावरच्या ढिवर मंडळींच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. खर्चाच्या तपशिलात पहिलंच कलम होतं 'मत्स्यजिरे'. आमचे कॅशियर कट्टर शाकाहारी. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरून विचारलं, "फोडणीलासुद्धा कर्ज द्यायचं का आता?" माशांची अगदी चिमुकली पिलं जिऱ्याएवढी दिसतात, म्हणून ती मत्स्यजिरे. तीच बोटाएवढी झाली की बोटुकली. हा 'बोटुकली' शब्द कुणा सरकारी समितीने घडवला असेल, तर त्या समितीचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करावेत असं माझं मत आहे.

अर्जात सहा जातींची बोटुकली होती. रोहू, कटला, मृगळ, चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस. यांना एकत्र वाढवायचं, कारण कुणी वरच्या थरात खातो, कुणी मधल्या, कुणी तळाशी. एका चाळीत सहा बिऱ्हाडं, पण स्वयंपाकघरं वेगळी, त्यामुळे भांडण नाही, अशी ही योजना. मी सवयीने विचारलं, "यातले मूळचे कुठले?"

प्रश्न विचारला आणि पस्तावलो नाही, कारण त्यानंतरचे दोन महिने मला बँकेत कंटाळा म्हणून आला नाही. रोहू मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा. पूर्वी तिकडच्या नद्यांना पूर आला की पाण्यातून त्याची पिलं गाळून घेत आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवत. गोंदिया तर हावडा-मुंबई मार्गावरच आहे. चंदेरा आणि गवत्या हे दोघे चीनच्या नद्यांतले. १९५९ साली चंदेरा जपानमार्गे आला आणि गवत्या हाँगकाँगमार्गे. सायप्रिनस त्याआधी दोन वर्षं, १९५७ साली, बँकॉकहून आला. त्याच १९५७ सालच्या १० जुलैला हिरालाल चौधुरी यांनी कटकला रोहूच्या जातकुळीतल्या माशांना इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, आणि मत्स्यजिऱ्यांचा दुष्काळ संपला. तो दिवस आजही देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

म्हणजे साध्या मामा तलावात बंगाली होते, चिनी होते, बँकॉकची मंडळी होती. मुंबईत एवढं मिश्रण झालं की मोर्चे निघतात.

संस्थेच्या मंडळींबरोबर जामीनदार म्हणून एक वयस्कर गृहस्थ आले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणू लागलो. सही करता करता ते सहज बोलल्यासारखं बोलले, "साहेब, हे मासे आमी दरसाल इकत आनतो. मरळ कधी इकत आनली नाई जी."

त्या एका वाक्यात मत्स्यशास्त्राचा एक अख्खा धडा होता. रोहू, कटला, चंदेरा, गवत्या ही वाहत्या नदीची माणसं. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ती वाढतात, वजन धरतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पूर लागतो नाहीतर इंजेक्शन. त्यामुळे बोटुकली दरवर्षी विकत आणायची आणि त्यासाठी दरवर्षी कर्ज काढायचं. मरळ, मागूर, शिंगी, बाम ही तळ्यातली मंडळी उथळ पाण्यातल्या गवतात, कमळाच्या देठांत आपापले संसार थाटतात आणि त्याबद्दल कुठल्याही बँकेचं देणं लागत नाहीत. बँकेच्या दृष्टीने पाहिलं तर मरळ हा अत्यंत निरुपयोगी मासा आहे.

काकांनी एका रविवारी मला तळ्यावर बोलावलं. डिसेंबरची सकाळ होती, पाणी ओसरू लागलं होतं. पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसांची जोडी उभी होती. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यत्वे याच भागात. काका गुडघाभर पाण्यात. हातात लांब बांबू आणि त्याच्या टोकाला लोखंडी काट्यांचा पंजा. ते त्याला नुसतं भाला म्हणत. संस्थेची तरुण मंडळी जाळी टाकत होती आणि हा म्हातारा एकेका माशाशी स्वतंत्र व्यवहार करत उभा होता.

मी काठावरून सूचना देत होतो. "काका, तो बघा, तिकडे!" काका हलले नाहीत. म्हणाले, "तो दिसते तिथं नसते जी. त्याच्या खाली असते." पाण्यात किरण वाकतो म्हणून मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो, हे मी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत त्यावर आकृती काढून पाच गुणही मिळवले होते. काकांनी आकृती न काढता मासा मिळवला.

भाल्याने मासा मारणाऱ्याची एक अडचण असते, जी जाळंवाल्याला कधी येत नाही. त्याला मासा आधी पाहावा लागतो. जाळं टाकणारा जाळं ओढतो तेव्हा त्याला कळतं कोण सापडलं. भालेवाल्याला आधी ठरवावं लागतं की हा कोण, केवढा, आणि याला मारायचं की नाही. काकांचे याबाबतचे नियम पक्के होते. मरळ पिलांना घेऊन असली तर तिला हात लावायचा नाही. मरळीची पिलं लालसर असतात, झुंडीने वर येतात आणि आईबाप खालून पहारा देत असतात. हवा घ्यायला मरळ वर आली की भाला मारणं सगळ्यात सोपं. तेवढ्याचसाठी काका आधी आजूबाजूला लाल पिलं आहेत का ते बघत. "पोरं असली तं नाई मारत." बस्स. यापुढे चर्चा नाही.

त्यांना भाला चालवायला नितळ पाणी लागायचं, आणि तिथंच खरं दुखणं होतं. सायप्रिनसला तोंड चिखलात खुपसून खाण्याची सवय. तो तळ नांगरतो, गाळ उठतो, पाणी गढूळ होतं. गवत्या आपल्या नावाला जागून पाण्यातलं गवत फस्त करतो, अगदी लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखा. गवत गेलं की गाळ धरून ठेवायला कुणी नाही आणि मरळ-मागुरांना अंडी घालायला जागा नाही. "आधी पायाचं बोट दिसे," काका म्हणाले. "आता हातातला भाला बी दिसत नाई. मंग जाळंच." म्हणजे परका मासा आला, त्याने पाणी गढूळ केलं आणि बघून मारणारा माणूसच नाहीसा होऊ लागला. न बघता ओढणारे तेवढे उरले.

त्या सकाळी काकांनी मारलेला दुसरा मासा चिलापी होता. आपल्याकडे पुण्या-सोलापूरला चिलापी म्हणतात तोच तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला. भारतात १९५२ साली आणला, आणि तो फार भराभरा वाढतो हे लक्षात आल्यावर १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोपर्यंत चिलापीला बंदी वाचून दाखवायला कुणी उरलं नसावं, कारण ती पुढे तळी, धरणं, नद्या सगळीकडे पोचली. काकांनी मासा काठावर टाकला आणि त्याच्या तोंडातून पिवळसर दाणे सांडले. चिलापीची आई अंडी तोंडात धरून उबवते. पिलं फुटली तरी धोका दिसला की ती पुन्हा तोंडात घेते. तितके दिवस ती जवळजवळ काही खात नाही. उपासाचं हे कडक व्रत आमच्या घराण्यात कुणालाही साधलेलं नाही.

काका त्या दाण्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "लेकराची माय आहे. पन मारा लागते."

मी म्हटलं, "पण काका, मरळीला तर तुम्ही सोडता."

"मरळीले सोडलं तं मरळ राहीन. इले सोडलं तं हेच राहीन."

मी पुण्यात वसंत व्याख्यानमालेपासून गणपतीतल्या परिसंवादांपर्यंत नीतिशास्त्रावरची बरीच भाषणं ऐकलेली आहेत. त्यांपैकी एकातही प्रश्न इतका नेमका मांडला गेला नव्हता. एकच नियम, दोन आया. नियम दोघींना सारखा लावला तर दोघींपैकी एकच उरते. नियम एकीला लावला आणि दुसरीला नाही, तर तो न्याय कसला?

सोमवारी मी हा पेच बँकेत मांडला. कॅशियर म्हणाले, दोन्ही खून. त्यांच्यासाठी प्रश्न तिथं संपला. शाकाहाराचा हा मोठा फायदा आहे. आमचे तरुण कृषी अधिकारी मात्र पेटले. विदेशी मासा हा शत्रू, त्याला दयामाया कसली, एकूण एक उपटून काढला पाहिजे वगैरे. योगायोगाने त्या दिवशी एकादशी होती आणि त्यांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मी त्यांना मूळचे कुठले ते सांगायला लागलो. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला. मिरचीही अमेरिकेतलीच. पंढरपूरला पोचलेली ही सगळी मंडळी पोर्तुगीजांच्या आसपासच्या काळात आपल्याकडे उतरली. डब्यात अस्सल देशी म्हणावं असं साजूक तूप तेवढं होतं. कृषी अधिकाऱ्यांनी उपास मोडला नाही, पण शेवटचे चार घास त्यांना गोड लागले नसावेत.

आता हा विनोद सांगायला सोपा आहे, आणि त्यातून 'सगळेच कुठून तरी आलेले, मग तक्रार कसली' असा निष्कर्ष काढून हात झटकता येतात. मला तो निष्कर्ष मान्य नाही. बटाटा आला म्हणून रताळं संपलं नाही. तळ्यात मात्र गवत संपतं, मरळ संपते आणि मरळीवर जगणारं घर कर्जावर येतं. फरक कुठून आला यात नाही, आल्यावर काय केलं यात आहे.

आणि तरीही चिलापीचा यात दोष काय? तिने तिकीट काढलं नव्हतं. १९५२ साली कुणीतरी फायलीवर सही केली. सही करणाऱ्यांचाही हेतू वाईट नव्हता. देशाला धान्य पुरत नव्हतं, मासा स्वस्त प्रथिन होतं. आमच्या गोंदियाच्या विहिरीत हिवताप टाळायला सोडलेले गप्पी मासेसुद्धा परकेच. हे नाव गप्पांवरून पडलं नसून त्रिनिदादमधल्या गपी नावाच्या गृहस्थांवरून पडलेलं आहे. त्यांच्याच जातीची डास खाणारी गंबुशिया १९२८ साली इटलीहून आणली, आणि तीही मूळची इटलीची नव्हे, अमेरिकेची. माणसाला चांगलं काम करायची घाई झाली की तो पाण्यात काहीतरी सोडतो.

कधी तर नुसती हौस असते. इंग्रज साहेबाला काश्मीरच्या ओढ्याकाठी बसून घरची आठवण आली, तेव्हा त्याने १९०० साली थेट ब्रिटनहून ट्राउटची अंडी मागवली. गळाला लागल्यावर झुंज देणारा मासा त्याला हवा होता. कोकणातला माणूस मुंबईत कुंडीत अळू लावतो, तशातलाच प्रकार, फक्त साहेबाची कुंडी मोठी.

हे सगळं मी जरा वरच्या पट्टीत सांगत आलो, कारण या यादीत आपलं कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर पुण्यात आल्यावर एक हकिगत वाचनात आली आणि पट्टी खाली आली. महसीर हा हौशी गळवाल्यांचा राजा मासा. त्यातली एक जात कर्नल साइक्स यांनी १८३९ साली शास्त्रीय जगापुढे मांडली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. म्हणजे आमच्या पेठेपासून हाकेच्या अंतरावरची. १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने या माशाची पैदास सुरू केली. धरणांनी नद्या अडवल्या, महसीर कमी होऊ लागला, त्याला वाचवायचं म्हणून. काम उत्तम झालं. बोटुकली ठिकठिकाणी गेली. काही कावेरीत गेली.

कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड असलेला, अवाढव्य. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेननी काबिनी नदीत गळाने धरलेला एक १२० पौंडांचा होता. आपल्याकडचा महसीर तिथं गेला, रमला, वाढला, आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. तो शास्त्रीयदृष्ट्या नेमका कुठल्या जातीचा, हे ठरायला २०१८ साल उजाडलं, आणि ठरलं त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी टोकावर असलेल्यांच्या यादीत गेला. ज्याचं बारसं आणि अतिदक्षता विभागात दाखल होणं एकाच वर्षी झालं, असा हा जीव. त्याला धरणांनी मारलं, सुरुंगांनी मारलं, वाळूवाल्यांनी मारलं, हे खरं. पण संशयितांच्या रांगेत आपला पुण्याचा मासाही उभा आहे. पुणेकर बाहेरगावी गेला की स्थानिकांना जागा उरत नाही, ही तक्रार मी गोंदियातही दबक्या आवाजात ऐकली होती. ती माशांनाही लागू पडेल असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं.

ती हकिगत वाचून मला काकांची चिलापी आठवली. लोणावळ्याच्या त्या बोटुकलीला मी काही केल्या शत्रू म्हणू शकत नाही. ती आपली आहे, बिचारी कुणीतरी नेऊन सोडलेली. आणि कावेरीकाठी उद्या कुणी काकांसारखा भाला घेऊन उभा राहिला आणि त्याने तिला निवडून बाहेर काढलं, तर मी त्याला चूकही म्हणू शकत नाही. निर्दोष असणं आणि काढावं लागणं या दोन गोष्टी एकाच माशात असू शकतात. आपल्याला हे पचत नाही. मारायचं असेल तर आधी त्याला शत्रू ठरवावं लागतं, म्हणजे मारून आल्यावर जेवण जातं. आमचे कृषी अधिकारी तेच करत होते. काकांनी ते केलं नाही. 'लेकराची माय आहे' हेही म्हणाले आणि 'मारा लागते' हेही म्हणाले, आणि पहिल्या वाक्याने दुसरं हलकं करून घेतलं नाही, दुसऱ्याने पहिलं खोडलं नाही. त्या दिवशी त्यांनी पुढे मासा मारला नाही. पाणी गढूळ झालं म्हणून, असं त्यांनी सांगितलं.

इथवर आल्यावर एखादा चतुर वाचक विचारील, की हाच न्याय माणसांना लावायचा का? अजिबात नाही. मी गोंदियाला परका होतो, पण मला 'पुरे' म्हणता येत होतं. घरमालकिणीने सांगितलं, नळाला पाणी कमी आहे, दोनच बादल्या घ्या, की मी दोन घेत होतो. गवत्याला असं सांगण्याची सोय नाही. माणूस येतो, चार दिवस बुजतो, मग वाक्याच्या शेवटी 'जी' लावायला शिकतो. मासे-माणसांच्या तुलना जे भाषणांत करतात, त्यांनी आधी एखाद्या सायप्रिनसला सभ्यपणे वागायला शिकवून दाखवावं.

रोहूचं काय करायचं, हा प्रश्न मी काकांना विचारला होता. तोही परकाच, पण सरकारच्या लेखी देशी. संस्थेचं कर्ज फेडतो तोच. काका म्हणाले, "रोहू राहू द्या जी. तो ऐकते." म्हणजे तळ्यात अंडी घालत नाही, सोडाल तेवढाच राहतो. आणि खायला? "खाले मरळ, इकाले रोहू." परराष्ट्रधोरण इतक्या कमी शब्दांत मी कुठे वाचलेलं नाही.

गवत पुन्हा लावलं तर मरळ परत येते, हे ढिवर लोकांना ठाऊक होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने त्यांच्याबरोबर या भागातल्या तळ्यांवर तेच काम केलं आहे. उन्हाळ्यात तळाची नांगरणी करायची, पाणवनस्पती लावायच्या, देशी माशांना राहायला घर द्यायचं. आमच्या काकांच्या संस्थेनेही पुढच्या अर्जात बोटुकलीची रक्कम कमी केली आणि एक नवं कलम घातलं. तळ्याच्या काठाने माजलेल्या एका झुडपाला इकडे बेशरम म्हणतात. जांभळट फुलं येतात, गुरं तोंड लावत नाहीत, कापलं की दुप्पट वाढतं. हे नाव ज्याने ठेवलं तो मोठा माणूस असला पाहिजे. तर अर्जात लिहिलं होतं, 'बेशरम काढणे, मजुरीसह.'

अर्ज वरच्या कार्यालयात गेला. महिन्याने विचारणा आली, 'सदर बेशरम कोण व त्यांस काढण्याचे कारण काय, याचा खुलासा करावा.' मी कळवलं, की सदर बेशरम ही वनस्पती असून ती मूळची अमेरिकेची आहे. त्यावर आणखी महिन्याने दुसरी विचारणा आली. या प्रकरणात परकीय चलनाचा व्यवहार गुंतला आहे काय?